खोली तीच, हवा तीच

बापूसो हावळानं आपल्या घरातली खुर्ची उचलून माझ्या दारात आणून ठेवली, खांद्यावरच्या टॉवेलानं तिच्यावर दोनदा फडका मारला आणि खालच्या आवाजात मला विचारलं, "मालन, आज साहेबासंगं ती बाई कोन गं?"

"दिल्लीची असंल," मी म्हणाले. मला तरी कुठं माहीत होतं. पण बापूसोच्या तोंडचं पाणी पळालेलं बघायला मला आवडायचं, ही खरी गोष्ट आहे.

बापूसो माझा घरमालक. इचलकरंजीत आमच्या गल्लीत त्याचं घर, घरामागं यंत्रमागांची शेड, आणि शेडच्या कडेला भाड्यानं दिलेली एकच खोली. तिच्यात मी आणि माझे मालक, दिनकर सातपुते, राहत होतो. दिनकर मागावर जॉबर होते, बिघडलेला माग ते चालू करून द्यायचे. तरुणपणापासून सुताची धूळ ओढून ओढून छाती गेली आणि मग ते खाटेवरच आले. मी मागाच्या सुताच्या कांड्या भरायला जायची, त्यावर दोघांचं भागायचं. खोली लहानच, पण तिला समोरासमोर दोन दारं होती. मागचं दार उघडलं की ओढ्याकडचा वारा सरळ पुढच्या दारानं बाहेर पडायचा. दिनकरांची खाट त्या वाऱ्याच्या वाटेवर टाकलेली. डॉक्टरनं सांगितलं होतं, औषध थोडं कमी झालं तरी चालेल, हवा कमी होऊ देऊ नका. ती खोली गेली की माणूस गेला, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. बोलून दाखवायचं नाही एवढंच.

आणि त्या खोलीचं भाडं तीनशे होतं. आसपास हजार-बाराशेला खोली मिळेना, तेव्हा आमचं तीनशेच. ते कसं, ते सांगते.

सरकारचं महागाई मोजायचं एक खातं असतं. गावात काही दुकानं, काही घरं ठरवून ठेवलेली असतात, आणि खात्याचा माणूस पुन्हा पुन्हा तिथंच जाऊन तेच विचारतो. आमची खोली त्यात कशी लागली देव जाणे. दर जानेवारीत आणि दर जुलैत तेरदाळे साहेब खांद्याला पिशवी अडकवून यायचे, माझ्या हातचा चहा प्यायचे आणि विचारायचे, "मालनबाई, भाडं काय चाललंय?" मी सांगायची. ते लिहून घ्यायचे. मग खोली तीच आहे ना, नळ आहे का, हवा-उजेड कसा, एवढं विचारून जायचे. बिचारा सरळ माणूस होता. घेतला तर चहा, बाकी काही नाही.

पण बापूसोनं पिशवीवाला सरकारी माणूस एकदा आधी पाहिलेला होता. असाच एक जण गोड बोलून शेडमधले माग मोजून गेला होता, आणि पाठोपाठ वीजचोरीची धाड पडली होती. बापूसोनं दागिने मोडून दंड भरला. तेव्हापासून पिशवी दिसली की तो आधी शेडचं दार ओढून घ्यायचा. तेरदाळे साहेब पहिल्यांदा येऊन गेले त्या दिवशी त्यानं मला गाठून विचारलं होतं, "काय लिवून नेलं गं?"

"भाडं," मी म्हणाले. "वाढलं की दिल्लीला कळतंय."

यात एक शब्द खोटा नव्हता. भाडं दिल्लीला जायचंच. मी फक्त ते सांगताना त्याच्या डोळ्यांत डोळे घालून जरा थांबले. त्यानंतर बापूसोनं भाड्याचं नाव काढलं नाही. उलट साहेब यायच्या दिवशी खुर्ची आणून ठेवायला लागला. मी तर पुढं पुढं त्याच्याकडनं खोलीला रंग लावून घेतला, कौलं फिरवून घेतली. दिनकर खाटेवरून म्हणायचे, "फार ताणू नगंस. माणूस हाय त्यो."

"माणूस हाय म्हणूनच ताणता येतंय," मी म्हणायची. आणि दोघंही हसायचो. दिनकरांना हसलं की खोकला लागायचा, म्हणून मग मी एकटीच हसायची.

तर त्या जानेवारीत तेरदाळे साहेबांबरोबर एक बाई आल्या. चष्मा, सुती साडी, पायात चांगल्या चपला. मैथिली दातार नाव. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेत महागाईवर अभ्यास करायच्या. दिल्लीचा काही संबंध नव्हता. त्या बापूसोच्या खुर्चीत बसल्या नाहीत, दिनकरांच्या खाटेच्या कडेला बसल्या, आधी त्यांची तब्येत विचारली, आणि मला मावशी म्हणाल्या. बाई वाईट होती असं मी आजही म्हणणार नाही.

तेरदाळे साहेबांचा चेहरा मात्र उतरलेला. चहा घेताना कप बशीवर वाजत होता.

"मावशी, मी जे मोजते ना," बाई म्हणाल्या, "त्याला गाभ्याची महागाई म्हणतात. म्हणजे खाणंपिणं आणि जळण बाजूला काढायचं. कारण कांदा आज वर जातो, उद्या खाली येतो. ते काढल्यावर उरते ती खरी, मुरलेली महागाई."

"खानं आनि जळान काढल्यावर काय उरतंय वो बाई?" दिनकरांनी विचारलं. चेष्टेनंच.

"कपडे, डॉक्टर, शाळा, केस कापणं," बाई हसल्या. "आणि सगळ्यात मोठं म्हणजे घरभाडं. आता बघा, सगळ्या गावांचा गाभा हलतोय, तुमच्या गावाचा मात्र म्हणावा तसा हलत नाही. मी घरं तपासत निघाले. आणि एक घर असं निघालं, की ज्याचं भाडं इतक्या वर्षांत एक रुपयानंसुद्धा वाढलेलं नाही. म्हणून विचारायला आले."

मग त्या थांबल्या आणि तेरदाळे साहेबांकडं न बघता म्हणाल्या, "असं होतं कधी कधी. माणूस घरीच बसतो आणि मागचाच आकडा पुन्हा लिहून टाकतो."

आता कळलं कप का वाजत होता ते. साहेबांची नोकरीची थोडीच वर्षं राहिली होती. असला बट्टा लागला असता तर पेन्शनीपर्यंत नडला असता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मागायची सवय नसलेला माणूस बघतो तसं.

मला त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर अंगात वारंही भरलं. माझ्या दारात पुण्याची बाई, साहेब माझ्या शब्दावर टांगलेला, आणि घरमालक बाहेर खुर्ची पुसतोय. असे दिवस कांडीवालीच्या वाट्याला किती येतात?

"साहेब दर वक्ताला येत्यात," मी म्हणाले. "भाडं खरंच वाढलेलं न्हाई. माझ्यावर इस्वास नसंल तर घरमालकाला इचारा. हाक मारली की येतंय ते."

"विचारता येईल?"

"बापूसो," मी खाटेपाशी बसूनच हाक मारली. "जरा आत या."

तो सदऱ्याची गुंडी लावत आत आला. बायकोनं दिलेला पाण्याचा तांब्या हातात होता, तो कुठं ठेवावा ते त्याला सुचेना.

"काका, या खोलीचं भाडं तुम्ही कधीच वाढवलं नाही, हे खरं?" बाईंनी विचारलं.

"एक रुपाया न्हाई बाईसाहेब. अंबाबाईची शपत."

तेरदाळे साहेबांनी श्वास सोडला. त्यांचं काम झालं होतं. माझंही झालं होतं. तिथं मी बाईंच्या पुढं चहा सरकवला असता तर ही गोष्टच झाली नसती.

"पण का नाही वाढवलं?" बाई म्हणाल्या. त्यांना खरोखरच नवल वाटत होतं.

बापूसोनं माझ्याकडं पाहिलं. उत्तर देण्याआधी तो नेहमी माझ्याकडं बघायचा. "का म्हंजे... आमी कायद्यानं चालतोय."

"कुठल्या कायद्यानं?"

खाटेवरनं दिनकर खोकले. त्यांचा आजाराचा खोकला वेगळा आणि मला गप्प बसवायचा खोकला वेगळा. हा दुसरा होता. मी ऐकला आणि सोडून दिला.

"सांगा की बापूसो," मी म्हणाले. "वाढवलं तर काय हुतंय ते सांगा बाईस्नी."

"वाढिवलं तर दिल्लीला कळतंय," तो म्हणाला. "मग धाड."

बाई हसल्या असत्या तर बापूसो बिथरला असता, संशय धरून बसला असता. पण त्या हसल्या नाहीत. त्यांना वाईट वाटलं. त्या खाटेवरून उठल्या, त्याच्या हातातला तांब्या आपल्या हातात घेतला आणि लहान पोराला समजवावं तसं सांगायला लागल्या.

"नाही हो काका. कुणी तुम्हाला असं सांगितलं? आमच्याकडं तुमचं नावसुद्धा कुणाला द्यायची परवानगी नाही. आम्ही फक्त लिहून घेतो. तुम्ही वाढवा, कमी करा, तुमची मर्जी."

"दुप्पट केलं तर?"

"तरी लिहून घेणार."

"चौपट?"

"तरीही. आम्हाला खरा आकडा हवा, बास. उलट तुम्ही भीतीनं भाडं दाबून ठेवलंत तर आमचा हिशोब चुकतो. सबंध गावाची महागाई कमी दिसते."

बापूसो आता माझ्याकडं बघत नव्हता. "आनि भाडेकरूनं खोली सोडली तर? मग तुमचं काय हुतंय?"

याचं उत्तर तेरदाळे साहेबांना द्यायचं नव्हतं. पण बाईंनी मान हलवली, तेव्हा त्यांना बोलावं लागलं. "आम्ही घर धरतो, बापूसो. माणूस धरत नाही. नवा येईल त्याला विचारतो."

"खोली तीच, हवा-उजेड तोच," बाई म्हणाल्या, "आणि भाडं तेवढं वाढलं, की ती शुद्ध वाढ. आम्हाला तीच मोजायची असते." मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली, दोन्ही दारांतून येणारा वारा अंगावर घेतला आणि म्हणाल्या, "हवा मात्र छान आहे हो इथं. तेरदाळे, हे लिहिलंय ना?"

"लिहिलंय," साहेब म्हणाले.

"च्या घ्या की बाईसाहेब," बापूसो म्हणाला. "आमच्यातला."

चहा झाला होता, पण पुन्हा आला. त्याच्या घरातनं, कपबशांत. मला धरून चार कप. मी घेतला नाही.

बाई जाताना मला म्हणाल्या, "मावशी, तुमच्यामुळं फार मोठा घोळ सुटला." आणि माझा हात हातात धरला.

पाहुणे गेले तरी खुर्ची माझ्या दारातच राहिली. दिवे लागायच्या वेळेला बापूसो आला आणि तिच्यात बसला. रागावलेला नव्हता. रागावला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

"माझी सुरेखा बाळतपनाला आली हुती," तो म्हणाला. "आठवतंय?"

आठवत होतं.

"घरात जागा न्हवती. मी तुज्याकडं आलो हुतो. म्हनालो, मालन, दोन म्हयने ही खोली दे, तुमी तवर शेडजवळच्या खोपटात ऱ्हावा. तू काय म्हनालीस?"

मी उंबऱ्यावरची धूळ हातानं झाडायला लागले.

"तू म्हनालीस, तेरदाळे साहेबास्नी इचारून सांगते." तो मान हलवत हसला. "आनि मी गप माघारी गेलो. माझी लेक त्या खोपटात बाळतीन झाली. पोरगं मागांच्या आवाजानं दचकून दचकून उठायचं. आनि मी दर सा म्हयन्याला तुज्या दारात खुर्ची पुसत हुतो."

"म्हनाले हुते मी तसं," मी म्हणाले. खोटं कशाला बोलायचं. खोली सोडली असती तर परत मिळाली नसती, हे मला तेव्हाही कळत होतं.

"मग आता मी कुनाला इचारू?" बापूसो म्हणाला. "फुडल्या म्हयन्यापासनं बाराशे. परवडत नसंल तर बघ."

"दिनकरांची छाती बघताय न्हवं तुमी. ह्या हवेवर..."

"हवा चांगलीच हाय," तो म्हणाला. "बाईनंच लिवून नेलं. चांगल्या हवेचं चांगलं भाडं."

दिनकर खाटेवरून सगळं ऐकत होते. फार ताणू नगंस, असं या वेळी म्हणाले नाहीत. त्यांनी तोंड वाऱ्याकडं केलं.

मी तेरदाळे साहेबांना शोधून काढलं. मुख्य रस्त्यावरच्या चपलांच्या दुकानात ते गिऱ्हाइकांमागं उभे राहून भाव लिहून घेत होते. मी त्यांना बाजूला घेतलं.

"साहेब, बापूसो बाराशे मागतोय. तुमी काय करू नगा. नुसतं एकदा या. पिशवी घेऊन दारात उभं ऱ्हावा. बापूसोला दिसलं की बास."

ते चपलेचा तळ बघत राहिले. "मालनबाई, तो आता भिणार नाही."

"थोडं तरी भिईल. एवढी वर्षं भ्यालाय."

"जुलैच्या आधी मला त्या घराकडं यायचं कारण नाही. बाई आत्ताच सगळं तपासून गेल्यात. माझं उगाच काहीतरी निघेल."

"त्या दिवशी तुमचं निघालं असतं," मी म्हणाले. "मी हाक मारली म्हणून वाचलासा."

"ते मी विसरलेलो नाही," साहेब म्हणाले. आणि खरंच विसरले नसावेत, कारण त्यांनी खिशात हात घालून शंभराची नोट काढली. मी ती घेतली नाही. मग ते दुकानदाराला म्हणाले, "हीच जोडी मागच्या वेळेला दाखवली होती ना?" आणि पुन्हा लिहायला लागले.

बाराशे मला जमणार नव्हते. जमले असते तरी बापूसोनं दोन हजार सांगितले असते. आम्ही गावाबाहेर पत्र्याच्या खोलीत गेलो. एक दार, तेही गटाराकडं. सातशे भाडं. हातगाड्यावर सामान भरलं, पाटा तेवढा राहिला. माझ्या सासूचा पाटा, मागच्या दाराशी पुरलेला, घाईत निघाला नाही.

मार्चपासूनच पत्रा तापायला लागला. मी ओली पोती वर टाकायची, ती मी कामावरनं यायच्या आत वाळलेली असायची. दिनकर दारात तोंड करून बसून राहायचे. एकदा म्हणाले, "त्या बाईला म्हनावं, ह्ये बी मोज." मला वाटलं चेष्टा करतायत, म्हणून हसले. ते हसले नाहीत. मे महिन्यात, भर दुपारी, मी शेडमध्ये कांड्या भरत असताना ते गेले. शेजारणीनं सांगितलं, मागं दार नाही का हो या खोलीला, असं विचारत होते.

जुलैत मी पाटा आणायला गेले. पाटा हे निमित्त. जुलै कशाचा असतो, ते मला ठाऊक होतं.

दारात खुर्ची नव्हती. बापूसो स्वतः उंबऱ्यात उभा होता, हाताची घडी घालून. आत नवीन बिऱ्हाड. एक कोवळी पोर, लग्नाचा चुडा अजून हातात, नवरा कामावर गेलेला. तिच्यापुढं तेरदाळे साहेब सतरंजीवर बसलेले. दिनकरांची खाट जिथं असायची तिथंच.

"भाडं काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

पोरीनं आधी बापूसोकडं पाहिलं. मग म्हणाली, "बाराशे."

साहेबांनी लिहिलं. "खोली तीच ना? काही वाढवलं, बांधलं?"

"खिळासुदिक मारलेला न्हाई," बापूसो म्हणाला.

तेवढ्यात साहेबांनी मला पाहिलं. चपापले, पण सावरले. "या मालनबाई. दिनकर कसे आहेत?"

"गेले."

"अरेरे." पेन कागदावरनं उचललं गेलं. "कधी?"

"मेमध्ये."

"फार सोसलं त्यांनी," साहेब म्हणाले. थोडा वेळ खाली बघत राहिले, तो वेळ त्यांच्या मनाला पुरेसा वाटला असावा. मग मला बरं वाटावं म्हणून असेल, म्हणाले, "तुमच्याकडनं कळलं होतं ना, म्हणून पुण्याच्या बाईंना कालच फोनवर सांगितलं, भाडं वाढलंय म्हणून. म्हणाल्या, हे असं नीट लिहिलं जायला पाहिजे. मावशींना माझा नमस्कार सांगा म्हणाल्या."

"साहेब, मीबी भाडं देते," मी म्हणाले. "पत्र्याच्या खोलीला सातशे. हितं तीनशे देत हुते. त्ये लिवा की. माझं केवढं वाढलं त्ये लिवा."

"ती खोली आमच्यात नाही, मालनबाई."

"मी तर हाय न्हवं."

साहेबांनी कागद उलटला. उत्तर त्यांनी जानेवारीतच दिलं होतं, माझ्यासमोर, बापूसोला.

"पाटा न्यायला आली असशील तर ने," बापूसो म्हणाला. "न्हाईतर त्येचं बी भाडं लावीन." आणि साहेबांकडं बघून हसला. साहेबही हसले. फार नाही, तोंडदेखलंच. पण हसले.

मी घरातनं मागं गेले आणि सळईनं पाटा उकरायला लागले. ती पोर हात लावायला धावली, तिनं वाट करून द्यायला मागचं दार सताड उघडलं, आणि ओढ्याकडचा वारा एकदम आत शिरला. माझ्या पाठीवरनं, खाटेच्या जागेवरनं, सरळ पुढच्या दारानं बाहेर. साहेबांचे कागद उडायला लागले. त्यांनी दोन्ही हातांनी ते दाबून धरले आणि डोळे मिटून तो वारा घेतला.

"हवा मात्र अजून झकास आहे हं या खोलीला," ते म्हणाले.

आणि ते त्यांनी लिहून घेतलं.